उत्तर कोणी दिलं?



रेल्वेच्या सिग्नलवर आपण मागे एकदा गप्पा मारल्या होत्या, आठवतंय ना? त्यावर सहावीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. तो विचारतो, "बाई, रस्त्याला सिग्नल असतो, रेल्वेला सिग्नल असतो. मग विमान उतरतं तिथं सिग्नल कुठं असतो?" प्रश्न एका ओळीचा, पण उत्तराला आजचं सगळं पान लागणार आहे. तेव्हा जरा सावरून बसा!

मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या विमानतळावर एक उंच मनोरा असतो. त्यात बसलेले नियंत्रक रेडिओवरून प्रत्येक वैमानिकाला सांगतात, तू थांब, तू पुढे ये, तू उतर. आणि रेडिओच बंद पडला तर? तर मनोऱ्यातून विमानावर दिव्याचा झोत टाकतात. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा दिवा दाखवला तर ते उतरू शकतं. स्थिर लाल दाखवला तर दुसऱ्याला वाट द्यायची आणि घिरट्या घालत राहायचं. म्हणजे आपल्या वाचकमित्राचा सिग्नल तिथं आहेच.

पण सगळीच विमानतळं काही मोठी नसतात. काही ठिकाणी असते फक्त एक डांबरी धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, कडेला खांबावर फडफडणारी वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आणि भोवती कुंपण. (कुंपण असलंच तर!) इथं दोन-चार माणसांची हलकी विमानं उतरतात. आपल्याकडे धुळ्याला किंवा गोंदियाजवळ बिरसीला उड्डाण शिकायला मुलंमुली येतात, ती अशाच छोट्या विमानांवर हात बसवतात. आणि जगात अशा हजारो धावपट्ट्या आहेत, जिथं मनोराही नाही आणि नियंत्रकही नाही. मग तिथं सिग्नल कोण देतं?

कोणीच नाही. वैमानिकच एकमेकांना सांगतात.

म्हणजे बाई वर्गात नसताना वर्ग कसा चालतो, तसं. (चालतो ना? की मला वेगळंच काही ऐकू येतं?) त्या भागातली सगळी विमानं रेडिओवर एकच ठरलेली लहर लावतात. उतरायला येणारा सांगतो, मी अमुक विमान, तमुक दिशेने, एवढ्या अंतरावर, या धावपट्टीवर उतरतोय. निघणारा सांगतो, मी धावपट्टीवर येतोय, आता उडतोय. ऐकणारे आपापलं डोकं चालवून जागा करून देतात. यातली एक पद्धत तर मला फार आवडते. अमेरिकेत असं बोलताना गावाचं नाव सुरुवातीला घेतात आणि शेवटी पुन्हा एकदा घेतात. का? तर आसपासच्या दोन-तीन गावांच्या धावपट्ट्यांना एकच लहर दिलेली असते. सुरुवातीचं नाव ऐकायचं राहिलं, तरी शेवटचं कानावर पडावं!

या रेडिओची एक खोडी मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तो टेलिफोनसारखा नसतो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं, की बाकीच्यांना नुसती खरखर ऐकू येते. आणि बोलणाऱ्या दोघांना तर त्याचा पत्ताही नसतो.

आता तुम्ही म्हणाल, विमानाला खरा धोका आकाशात. जमिनीवर आलं की सुटलं! पण तसं नसतं बरं का. आकाश केवढं ऐसपैस, तिथं वर जा, खाली जा, बाजूला वळा. धावपट्टी मात्र एकच, अरुंद, आणि तिच्यावर विमान वेगात असतं तेव्हा त्याला ना झटकन थांबता येत, ना वळता येत. अशा वेळी समोर काय यावं? ६ नोव्हेंबर २०१४ ला सुरतच्या विमानतळावर दिल्लीला निघालेलं विमान धावत असताना मध्ये आली म्हैस! ४ डिसेंबर २०१५ ला मुंबईहून गेलेलं विमान जबलपूरला उतरलं, तर धावपट्टीवर रानडुकरं. दोन्ही वेळी प्रवासी वाचले. ती विमानं मोठी होती म्हणून ठीक. दोन आसनांचं सेस्ना १५२ नावाचं विमान माणसं आणि इंधन धरून जास्तीत जास्त ७५७ किलो भरतं. आणि अंगाने भरलेली म्हैस असते पाचशे किलोच्या घरात. आता तुम्हीच हिशेब करा.

टाटांच्या टपालविमानसेवेची सुरुवातही अशाच हलक्या विमानाने आणि अशाच अडचणीच्या जागेवर झाली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' नावाचं चिमुकलं विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. सोबत होती टपालाची पोती. तेव्हा जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राजवळचा चिखलाचा सपाट पट्टा! पावसाळ्यात तिथं विमान उतरवणं अशक्य व्हायचं, म्हणून चार महिने सगळा कारभार पुण्याला हलवायचे. तिथं धोका काही लपलेला नव्हता. चिखल डोळ्यांना दिसत होता, म्हणून माणसं शहाणपणाने जागा बदलत होती.

न दिसणारा धोका वेगळा. तो समजायला आधी धावपट्टीचा आकडा वाचता आला पाहिजे. फोटोत पाहिलं असेल, धावपट्टीच्या टोकाला पांढऱ्या रंगात मोठ्ठा आकडा रंगवलेला असतो. तो काही आपल्या बाकांसारखा एक, दोन, तीन असा ओळीने दिलेला नसतो. ती असते दिशा. होकायंत्रावर उत्तर म्हणजे ० किंवा ३६० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. विमान ज्या दिशेला धावणार तिचे अंश घ्यायचे आणि दहाने भागायचे. पूर्वेकडे धावणार असेल तर ९०, म्हणजे आकडा ०९. त्याच पट्टीवर उलट्या बाजूने, पश्चिमेकडे धावलं तर २७. एकाच धावपट्टीला दोन नावं, आणि दोन्हींत फरक नेहमी १८ चा. किती सोपं आहे की नाही?

सोपं आहे, पण फसवंही आहे. जुहूच्या मोठ्या धावपट्टीचा आकडा ०८ आणि जवळच्याच सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीचा ०९. दोन्ही जवळजवळ एकाच दिशेला तोंड करून. समुद्रावरून येणाऱ्याला आधी दिसते जुहूची. मग काय व्हायचं? १५ जुलै १९५३ ला ब्रिटिश कंपनीचं एक 'कॉमेट' जेट सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं! काही दिवसांनी ते तिथूनच उडवून न्यावं लागलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपानी कंपनीच्या मोठ्या विमानानेही तीच चूक केली. ते छोट्या धावपट्टीत मावणार कसं? पुढे घसरत गेलं आणि मोडलं. माणसं जखमी झाली, पण जीव कोणाचा गेला नाही. दोन्ही वेळी विमान चालवणारे चांगले कसलेले होते. जे दिसायला हवं होतं तेच आपल्याला दिसलं, असं त्यांना वाटलं. आपलंही असं होतं की नाही? शब्द अर्धा वाचायचा आणि उरलेला मनानेच पुरा करायचा! शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना मला हे रोज दिसतं.

आता वळू या त्या गोष्टीकडे, जिच्यासाठी वरचं सगळं सांगितलं. गोष्ट दुःखाची आहे. पण मला वाटतं, पाचवीच्या पुढच्या मुलांना ती सांगायला हवी. धाकट्यांना आईबाबांनी वाचून दाखवावी.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात क्विन्सी नावाचं गाव आहे. तिथला विमानतळ छोटा, नियंत्रण मनोरा नाही. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या, त्यातली एक १३ आणि दुसरी ०४. दहाने गुणा बघू, १३० अंश आणि ४० अंश. फरक ९०, म्हणजे बरोबर काटकोन. आपल्या गावातल्या चौकासारखं.

१९ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. पाच वाजून गेलेले, उजेड कमी होत चाललेला. शिकागोहून निघालेलं आणि वाटेत बर्लिंग्टनला थांबलेलं १९ आसनांचं बीचक्राफ्ट १९०० हे विमान क्विन्सीला उतरायला येत होतं. त्यात दहा प्रवासी आणि दोन वैमानिक. ते उतरणार होते १३ वर. त्याच वेळी ०४ च्या टोकाला एक छोटं 'किंग एअर' विमान उडण्याच्या तयारीत उभं होतं, त्यात दोघे. आणि त्याच्या मागे रांगेत तिसरं, आणखी छोटं, 'चेरोकी' नावाचं विमान.

बीचक्राफ्टच्या वैमानिकांनी आपण येतोय हे रेडिओवर वेळोवेळी सांगितलं होतं. जवळ आल्यावर त्यांना ०४ च्या टोकावरचं विमान दिसलं. म्हणून त्यांनी नीट विचारलं, किंग एअर, तुम्ही तिथंच थांबताय की निघताय? यापेक्षा आणखी काय करायला हवं होतं, सांगा!

उत्तर आलं. पण ते किंग एअरकडून आलं नव्हतं.

बोलला तो मागच्या चेरोकीचा वैमानिक. तो नवशिका म्हणावा असाच होता, विमान चालवण्याचा अनुभव थोडा. त्याने आपल्या विमानाचा क्रमांक सांगितला आणि आपण ०४ वर निघण्यासाठी थांबलोय, असं तो म्हणाला. बोलता बोलता पुढच्या किंग एअरचंही नाव त्याच्या तोंडून गेलं. नेमक्या त्याच क्षणी बीचक्राफ्टमध्ये जमिनीपासूनची उंची सांगणारं यंत्र बोललं, दोनशे फूट! त्या आवाजात चेरोकीच्या वाक्याचा तुकडा बुडाला. बीचक्राफ्टच्या कानावर काय पडलं असेल? 'थांबलोय', 'चार', आणि 'किंग एअर'. त्यांना वाटलं, किंग एअरनेच उत्तर दिलं. कॅप्टन बाईंनी आभारही मानले.

किंग एअर मात्र गप्पच होतं. ते जवळजवळ मिनिटभर धावपट्टीवर उभं राहिलं आणि मग 'आता निघतोय' असं काही न सांगता धावू लागलं. दोन्ही विमानं त्या चौकात एकमेकांवर आदळली. आग लागली. टक्कर होऊनही बीचक्राफ्टमधली माणसं जिवंत होती. विमानतळावरचे काही लोक धावत गेले, दार उघडायची पराकाष्ठा केली. दार उघडलं नाही. विमान १९ आसनांचं, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे तीस किंवा कमी आसनांच्या विमानांसाठी विमानतळावर अग्निशामक दल तयार ठेवण्याची सक्ती नव्हती. शहरातून बंब येईपर्यंत उशीर झाला. दोन्ही विमानांतले मिळून चौदाही जण गेले.

पुढे चौकशी झाली. मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांवर ठेवला गेला, कारण त्यांनी रेडिओ नीट ऐकला नाही आणि आजूबाजूला नीट पाहिलंही नाही. चेरोकीचं ते अर्धवट ऐकू गेलेलं वाक्य, हेही एक कारण म्हणून नोंदवलं गेलं. २००४ मध्ये अमेरिकेने नियम बदलले आणि दहा ते तीस आसनांची नियमित प्रवासी विमानं जिथं येतात, त्या विमानतळांनाही सुरक्षेच्या नियमांखाली आणलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली वर्गातली हजेरी. बाई मान खाली घालून नावं वाचतात, मागून "हजर" असा आवाज येतो, बाई खूण करतात. पण 'हजर' म्हणालं कोण? शेजारच्या मित्राने मित्रासाठी ठोकून दिलं असेल, किंवा पुढच्या नावाच्या मुलीला आपलंच नाव ऐकू आलं असेल. म्हणून हजेरी घेताना मान वर करून चेहरा बघायचा असतो. वर्गात याने फार तर हजेरीपटावर एक चुकीची खूण होईल. क्विन्सीला मात्र उतरायला काही सेकंद उरले होते, अंधारून आलेलं, आणि तोंड बघायची सोय नव्हती. तिथं एकच गोष्ट हाताशी होती: तू कोण आणि कुठे आहेस, हे पुन्हा विचारायचं, आणि स्वच्छ उत्तर येत नसेल तर न उतरता पुन्हा वर जायचं. वैमानिकांना हे वर जाणं मुद्दाम शिकवतात. त्यात काही कमीपणा नसतो. एक घिरटी घालून पुन्हा यायचं, पाच मिनिटं उशीर होतो, एवढंच.

रेडिओ असून ही अवस्था. आणि काही जुन्या हलक्या विमानांत तर रेडिओच नसतो! तिथं उरतात फक्त डोळे. आणि डोळ्यांचीही एक गंमत ऐका. सेस्नासारख्या विमानाचे पंख छपरावर असतात, त्यामुळे वैमानिकाला खालचं छान दिसतं, पण वरचं पंखाआड जातं. चेरोकीसारख्या विमानाचे पंख पोटाशी असतात. त्याला वरचं दिसतं, खालचं दिसत नाही. आता समजा, दोघेही एकाच धावपट्टीकडे उतरताहेत, सेस्ना खाली आणि चेरोकी बरोबर त्याच्यावर. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही! म्हणून उतरण्याआधी धावपट्टीच्या भोवती चौकोनात फेरी मारायची पद्धत आहे. प्रत्येक वळणावर विमान कलतं आणि झाकलेला भाग उघडा पडतो.

जमिनीवर तर एक साधी खूण रंगवलेली असते. टॅक्सीवेवरून, म्हणजे विमानाच्या बोळातून, धावपट्टीच्या तोंडाशी आलं की आडव्या चार पिवळ्या रेषा लागतात. दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेषा आधी आल्या तर थांबायचं, आधी खात्री करायची आणि मगच ओलांडायचं. धावपट्टीवरून बाहेर येताना तुटक रेषा आधी येतात. तेव्हा थांबायचं नाही, लवकर बाहेर पडायचं, कारण मागून कोणीतरी येत असेल. एकाच रंगाच्या चार रेषांत केवढं मोठं वाक्य लिहिलंय बघा!

पालकांसाठीही दोन शब्द. गावाजवळ छोटी धावपट्टी असेल, तर दिवसभर एकही विमान दिसत नाही म्हणून ती आपल्याला मोकळं मैदान वाटू लागते. सकाळचं फिरणं, मुलांची सायकल, गुरांची ये-जा, सगळं तिथूनच. पण जिथं मनोरा नाही तिथं तुम्हाला बाजूला व्हा म्हणून सांगणारंही कोणी नाही, आणि उतरणाऱ्या वैमानिकाचं लक्ष असतं वाऱ्यावर आणि वेगावर. कचऱ्याचंही तसंच. आपल्या १९३७ च्या विमान नियमांत विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला मनाई केलेली आहे. कचऱ्यावर घारी येतात, आणि घार विमानाच्या काचेवर आदळली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. संक्रांतीच्या पतंगांचं म्हणाल, तर पतंग वैमानिकाला कदाचित दिसेल, मांजा दिसणार नाही. तेव्हा पतंग उडवायला दुसरी गच्ची शोधा. आणि कधी फ्लाइंग क्लब बघायला गेलात, तर विमानाजवळ समोरून कधीच जाऊ नका. वेगात फिरणारा पंखा दिसतच नाही, तिथं नुसती हवा आहे असं वाटतं.

आता तुमच्यासाठी काम. शाळेतलं होकायंत्र मागून घ्या आणि आपल्या शाळेच्या व्हरांड्याला धावपट्टीसारखे दोन आकडे द्या. शेवटचा अंक पाचाच्या खाली असेल तर सोडून द्या, पाच किंवा जास्त असेल तर पुढचा दहा धरा. आणि हे तोंडी सोडवा: जिच्या एका टोकावर ३३ रंगवलंय, तिच्या दुसऱ्या टोकावर काय असेल? आणि ३६ च्या पुढे आकडा का नसतो? उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. वर नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. गेल्या वेळी अकरा कार्डं बिननावाची आली होती, ती कोणाची ते मला अजून कळलेलं नाही!

तुमच्या बाई